आर.ई.एम. ऐकायचंय? मग मधूनच सुरुवात करा

२०२३च्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा देऊन भाचा सांगलीहून आमच्याकडे मिरजेला राहायला आला. दुसऱ्याच दिवशी फोन पुढे करून म्हणाला, "मावशी, तुझ्या त्या बँडचे पंधरा अल्बम दिसतायत. कुठून सुरू करू?" मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "पहिल्यापासून. कादंबरी वाचतो तसं." चौथ्या दिवशी त्याने नाद सोडला. म्हणाला, "सगळी गाणी एकसारखी वाटतात, आणि तो माणूस काय गातोय त्यातलं अक्षर कळत नाही."

पोराचं काही चुकलं नव्हतं. मीच त्याला चुकीच्या दाराशी नेऊन उभं केलं होतं. त्या रात्री वहीत नव्याने क्रम मांडला आणि पुढच्या पाच आठवड्यांत आम्ही दोघांनी त्या क्रमाने जवळजवळ सगळं ऐकलं. पंधरा अल्बम म्हणजे साधारण अकरा-बारा तासांचं संगीत. फार नाही. पण कशानंतर काय ऐकायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

ओळखीपुरतं सांगते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा पीटर बक आणि तिथे येणारा मायकल स्टाइप यांची गट्टी जमली. मेकन गावच्या शाळेपासून एकत्र वाजवणारे माइक मिल्स आणि बिल बेरी त्यांना येऊन मिळाले. स्टाइप गायला, बक गिटारवर, मिल्स बेसवर, बेरी ड्रमवर. ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या चर्चमध्ये, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पार्टीत, ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. २१ सप्टेंबर २०११ रोजी भांडणतंटा न करता थांबले. बेरी होता तोवर प्रत्येक गाण्याखाली चौघांची नावं यायची, बेरी, बक, मिल्स, स्टाइप, आडनावांच्या अक्षरक्रमाने. चाल एकट्याने घरी बसून रचलेली असली तरी नावं चार आणि पैशाचे वाटेही चार. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या बँडची कारकीर्द ऐकायची म्हणजे हे चौघे कुठे कुठे आहेत ते कानाने हुडकायला शिकायचं. गाणाऱ्याच्या मागे लागलात तर पाऊण गोष्ट हातून जाते.

आधी ऐकायची सोय

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बहुतेकांची निराशा इथेच होते, म्हणून हे आधी सांगते. लहान स्पीकरमध्ये बेस उरतच नाही, आणि इथे बेस म्हणजे नुसता खालचा भराव नव्हे. मिल्स बेसवर स्वतंत्र चाल वाजवतो. बकची गिटार सुट्या सुरांत वर फिरत असते आणि गाणं खालून मिल्सने धरलेलं असतं. शिवाय तो गातोही. स्टाइपच्या जाड, किंचित खरखरीत आवाजामागे एक स्वच्छ, पोरसवदा आवाज येतो ना, तो मिल्सचा. पुष्कळदा तो वेगळेच शब्द गात असतो.

भाचा फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवून ऐकायचा. आवाज मोठा व्हायचा, पण मिल्स गायब. मी त्याला साधे वायरवाले इअरफोन दिले आणि एकच काम सांगितलं: गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नकोस, खालच्या आवाजाच्या मागे जा. दोन गाण्यांनंतर त्याचा चेहराच बदलला.

आणि शफल बंद करा. का, ते पुढे येईलच.

पहिली रात्र

सुरुवात १९९२च्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'पासून. रात्री, दिवे घालवून, एका बैठकीत. पाऊण तासाच्या थोडा वर आहे. हा आठवा अल्बम. तोवर चौघे तिशी ओलांडून गेले होते. सोबतचे लोक जाऊ लागतात, तारुण्य मागे राहिलंय हे कळू लागतं, त्या वयाचा हा अल्बम आहे. अठरा वर्षांच्या मुलाला तो कळेल का, अशी मला शंका होती. कळला. दुःख कळायला वय लागत नाही.

नाव मात्र दुःखी नाही. अथेन्समधल्या वीव्हर डीज या खानावळीचं ते ब्रीद आहे. मालक डेक्स्टर वीव्हर गिऱ्हाइकाने काही मागितलं की "ऑटोमॅटिक" म्हणायचे, म्हणजे "आणलंच समजा". बँडने गावातल्या खानावळीचे शब्द उचलून जगभर नेले.

'एव्हरीबडी हर्ट्स' तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असेल. आता त्याचा ठेका ऐका. तो यंत्राचा आहे, आणि गाणं मुख्यतः ड्रमवाल्या बेरीचंच. आपल्याच गाण्यात त्याने बराच वेळ हात आवरून घेतलेत. एरवी कोड्यात गाणारा स्टाइप इथे शब्द न् शब्द सुटा उच्चारतो, कारण गाणं जिवाला कंटाळलेल्या कोवळ्या पोरांसाठी होतं. त्यांना ते पहिल्याच फटक्यात कळायला हवं होतं. त्यातल्या व्हायोलिन-चेलोंची रचना लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सची. अल्बममधल्या चार गाण्यांत त्याचा हात आहे.

पण माझं बोट 'नाइटस्विमिंग'वर. मिल्स पियानोवर एक लहानशी चाल घेतो आणि ती पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. आवर्तनावर आवर्तन. सम आली असं वाटतं आणि ती निसटते. वर स्टाइप एकटा. ना बकची गिटार, ना बेरीचे ड्रम. तरी गाण्याखाली नावं चार. भाच्याने विचारलं, "मग बाकीचे दोघे काय करतायत?" मी म्हटलं, "गप्प बसलेत. तेही वाजवणंच आहे." हे गाणं सलग तीनदा ऐका: एकदा पियानोसाठी, एकदा आवाजासाठी आणि एकदा नुसतंच.

मग मागे, शब्द न शोधता

आता नऊ वर्षं मागे या, १९८३च्या 'मर्मर'कडे. त्याआधी १९८१चं 'रेडिओ फ्री युरोप' ऐका. हिब-टोन या छोट्या कंपनीसाठी केलेलं, मिच ईस्टरने आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या स्टुडिओत मुद्रित केलेलं. ते 'एपॉनिमस' या १९८८च्या संग्रहात सापडतं. 'मर्मर'साठी तेच गाणं त्यांनी पुन्हा, जास्त नीटनेटकं केलं. मला पहिलंच आवडतं. त्यात घाई आहे, धाप आहे.

इथे एक नियम पाळा: इंटरनेटवर शब्द शोधू नका. भाच्याने पहिल्या वेळी तेच केलं होतं. गाणं सुरू झालं की स्क्रीनवर शब्द, मग त्यांचा अर्थ लावायचा, तो लागत नाही म्हणून वैतागायचं. स्टाइप त्या काळात शब्द गिळायचा, पुसट करायचा. आवाज हे त्याच्यासाठी चौथं वाद्य होतं. आपण तराणा ऐकताना "दीम तननन म्हणजे काय हो?" असं विचारत नाही. तसंच ऐका. एखादाच शब्द पाण्यावर आल्यासारखा कळेल, तेवढा पुरे.

आणि बकची गिटार. हे मी मिरजेची म्हणून सांगू शकते. शाळेच्या वाटेवर सतारमेकरांची दुकानं होती. तंबोऱ्याची जवारी काढताना ते घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालतात आणि केसभर पुढे, केसभर मागे सरकवत राहतात. तार आधी नुसती ठणकते. मग एका नेमक्या जागी दोरा आला की आवाज उघडतो आणि तार बोट उचलल्यावरही गुंजत राहते. जवारी खुलली, म्हणतात. दप्तर पाठीवर घेऊन मी तिथे उभी राहायचे, तो क्षण ऐकायला. पुढे बकची रिकनबॅकर गिटार ऐकली तेव्हा मला तीच गल्ली आठवली. तो सगळ्या तारा एकदम झोडपत नाही. एकेक तार सुटी छेडतो आणि दाबलेल्या तारांशेजारी एखाद-दोन मोकळ्या ठेवतो. त्या खाली गुंजत राहतात. 'परफेक्ट सर्कल' सोडून (तिथे पियानो आहे) अल्बमभर हे ऐकू येईल.

मुखपृष्ठावर कुडझू नावाची वेल आहे. ही जपानकडची वेल अमेरिकेच्या दक्षिणेत आणली गेली आणि तिने झाडं, खांब, पडकी घरं गिळली. आपल्याकडे घाणेरीने रानं व्यापली तसं. त्या मुखपृष्ठाकडे बघत ऐकलं की गाण्यांमधली गुंतागुंत परकी वाटत नाही. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकांनी १९८३चा सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' ज्या वर्षी सगळीकडे वाजत होता, त्याच वर्षी.

यानंतर 'रेकनिंग', १९८४. यातलं एक गाणं आमच्या घरात वेगळंच होऊन बसलंय. 'सो. सेंट्रल रेन'. ते अमेरिकेच्या टीव्हीवर पहिल्यांदा वाजवलं तेव्हा, १९८३च्या ऑक्टोबरात डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात, त्याला अजून नावही ठेवलेलं नव्हतं. मागची हकीकत एवढीच: दौऱ्यावर दूर असलेला स्टाइप घरी फोन लावतोय, तिकडे जॉर्जियात पूर आहे आणि फोन लागत नाही.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. बहीण, मेहुणे आणि हाच भाचा, तेव्हा चौदा वर्षांचा, गावभागात वरच्या मजल्यावर अडकले होते. मिरज ते सांगली अंतर ते किती! आणि दीड दिवस फोन लागत नव्हता. "आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती..." एवढंच ऐकू यायचं. मी फोन लावत राहिले, आणि डोक्यात ते गाणं चालू राहिलं. मी ते लावलं नव्हतं, आपोआप चालू होतं.

हे मी त्याला गाणं ऐकवण्याआधी सांगितलं नाही. ऐकून झाल्यावर सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आमच्याकडून पण फोन लागत नव्हता, मावशी. आई सारखी तुझाच नंबर लावत होती." त्या दिवसापासून त्याला पुढचं ऐक म्हणून सांगावं लागलं नाही.

शब्द उघडतात ती वर्षं

वर्षाला एक अल्बम, मधल्या दिवसांत गाडीत सामान घालून गावोगाव कार्यक्रम, असा या चौघांचा ऐंशीच्या दशकातला धारा. १९८५चा 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' आत्ता बाजूला ठेवा. तो शेवटी.

१९८६च्या 'लाइफ्स रिच पेजंट'वर या. डॉन गेमन या निर्मात्याने स्टाइपला शब्द नीट उच्चारायला लावले, आणि फरक पहिल्या मिनिटात कळतो. जणू खिडकीची काच कुणी पुसली. पाठोपाठ 'डॉक्युमेंट', १९८७. यातलं 'द वन आय लव्ह' हे त्यांचं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचलेलं पहिलं गाणं, नवव्या क्रमांकावर. सावध राहा, हे प्रेमगीत नाही. ज्या माणसाला गाणं उद्देशलेलं आहे त्याला गाणारा वेळ घालवायचं साधन म्हणतो, आणि शेवटी पुढचं माणूस शोधूनही झालेलं असतं. भाचा ते कुणाला तरी पाठवणार होता. मी वेळेत थांबवलं.

'ग्रीन' हा मोठ्या कंपनीकडून, वॉर्नरकडून आलेला पहिला अल्बम. ७ नोव्हेंबर १९८८, अध्यक्षपदाच्या मतदानाच्या आदल्या दिवशी. माझ्यासाठी त्यातलं महत्त्वाचं गाणं 'यू आर द एव्हरीथिंग'. कारण तिथे बकच्या हातात मँडोलिन येतं. पुढच्या वर्षांत याच वाद्याने त्यांना जगभर नेलं. म्हणून 'लूझिंग माय रिलिजन'च्या आधी हे ऐकाच.

कॅलेंडरातले देव

आता १९९१, 'आउट ऑफ टाइम'. बक मँडोलिन शिकत होता. टीव्ही बघता बघता वाजवत बसायचा आणि ते टेप करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी टेप ऐकली तर त्या शिकाऊ छेडाछेडीत ती चाल सापडली. 'लूझिंग माय रिलिजन'मध्ये परत परत येणारं धृपद असं नाहीच, पुढे वाद्य मँडोलिन, लांबी साडेचार मिनिटं. रेडिओवर चालायला यातलं काहीच सोयीचं नव्हतं. अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. आणि नावाचा धर्माशी संबंध नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतला तो वाक्प्रचार आहे: संयम सुटणं, अगदी टोकाला येणं.

याचा व्हिडिओ आधी बघा, मग डोळे मिटून ऐका. दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्म जालंधरचा. १९९२मध्ये आमच्या रेल्वे कॉलनीत केबल आली तेव्हा शेजारच्यांच्या खोलीत मी तो पहिल्यांदा पाहिला. दुधाचं भांडं पडून फुटतं, पंख लावलेला म्हातारा येतो, आणि मधेच निळ्या अंगाच्या, सजवलेल्या आकृती अगदी आपल्या देवांच्या तसबिरीसारख्या उभ्या. माझी आजी जपमाळ घेऊन बसली होती. ती पुढे वाकून म्हणाली, "अगं, हे कॅलेंडरातले देव तिकडे कसे गेले?" मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. तरसेमला आपल्याकडच्या सिनेमासारखा भडक, स्वप्नातला थाट हवा होता, हे नंतर वाचलं. आजीला ते वाचायच्या आधीच कळलं होतं.

'शायनी हॅपी पीपल' एकदा ऐकून पुढे गेलात तरी चालेल. त्यापेक्षा त्याच वर्षीचा एमटीव्हीचा अनप्लग्ड कार्यक्रम शोधा. वीजवाद्यांचा गजर नाही, चौघे आणि सोबतीला एखादा. मिल्सचा आवाज तिथे सगळ्यात मोकळा लागलाय.

जे गाणं मला चार वर्षं मिळालं नाही

'मॉन्स्टर', १९९४, मोठ्याने ऐका. कंप पावणाऱ्या, खरबरीत गिटारींचा अल्बम. 'लेट मी इन' त्याच वर्षी गेलेल्या, निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनसाठी आहे. बाकी गाण्यांपैकी दोन-तीन मी आताशा ओलांडून जाते.

पण त्यानंतरचा दौरा समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. १ मार्च १९९५ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कार्यक्रम चालू असताना बेरीच्या डोक्यात असह्य कळ आली आणि तो मंचावर कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुगली होती. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला, मे महिन्यात परत ड्रमवर बसलाही. मग मिल्सच्या पोटाची शस्त्रक्रिया, मग स्टाइपच्या हर्नियाची. एवढं होऊनही त्याच दौऱ्यात, संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी आवाज जुळवायच्या वेळात, रिकाम्या सभागृहांत ते नवी गाणी मुद्रित करत होते. त्यातून आला 'न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय', १९९६. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम. प्रवासात झालेला अल्बम प्रवासातच ऐका. मी तो मिरज-पुणे गाडीत खिडकीशी बसून ऐकत आले. 'लीव्ह' हे सात मिनिटांचं गाणं भोंग्यासारख्या एका आवाजावर चढत जातं. आणि 'ई-बो द लेटर'मध्ये पॅटी स्मिथ मागून गाते. पंधराव्या वर्षी जिची रेकॉर्ड ऐकून आपण गायचं असं स्टाइपने ठरवलं, तीच. ई-बो म्हणजे तारेवर धरायचं छोटं विजेचं यंत्र. त्याने तार न छेडता सलग थरथरते, गजाने ओढल्यासारखी.

आता शफल का बंद, ते सांगते. हा अल्बम आहे ६५ मिनिटांचा. माझ्या चुलतभावाने मित्राच्या सीडीवरून तो मला साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिला. त्याने प्रेमाने दिला, वर सुबक अक्षरात गाण्यांची यादीही लिहिली, पण टेप संपली तिथे यादीही संपवली. 'लो डेझर्ट' मधेच तुटायचं, आणि मला वाटायचं की बँडनेच ते तसं तोडलंय. चार वर्षं मी तो तुटका शेवट मनापासून ऐकला. २०००मध्ये पुण्यात एका मैत्रिणीकडे सीडी लावली, मी उठून पाणी प्यायला गेले, आणि मागून पियानो सुरू झाला. मिल्सचा. अनोळखी. मी ग्लास हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

ते 'इलेक्ट्रोलाइट'. रात्री लॉस एंजेलिसच्या डोंगरमाथ्यावरून दिव्यांचं शहर बघत विसाव्या शतकाचा घेतलेला निरोप. अल्बमचं शेवटचं गाणं. आणि ते ऐकलं तोवर मला माहीत होतं की बेरी १९९७च्या ऑक्टोबरात बँड सोडून गेलाय. म्हणजे चौघांच्या शेवटच्या अल्बमचं शेवटचं गाणं, खरा निरोप, तोच माझ्या कॅसेटवर नव्हता. ते झाल्यावर बाहेर अजून ऊन होतं, पण मला पुढचं काही लावू नये असं वाटलं. मैत्रिणीनेही लावलं नाही.

म्हणून अल्बम शेवटपर्यंत ऐका. आणि 'इलेक्ट्रोलाइट' संपल्यावर एक दिवस जाऊ द्या.

तिघांची वर्षं

बेरी गेला तो रागावून नव्हे. आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर थांबतो, असं त्याने सांगितलं होतं. ते मोडणार नाहीत असं ठरल्यावर तो अथेन्सजवळच्या आपल्या शेतावर गेला आणि गवताचं पीक घेऊ लागला. उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी कायमचा माणूस घेतला नाही.

१९९८चा 'अप' ऐकताना हेच शोधा: ती रिकामी जागा. पहिल्या गाण्यात खरे ड्रम नाहीत. यंत्राचे ठोके येतात, ते मुद्दाम माणसासारखे केलेले नाहीत. पहिल्यांदा कंटाळा येईल. तिसऱ्यांदा तो अल्बम उघडतो. 'डेस्लीपर' रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाचं गाणं आहे. आयटीत रात्रपाळी करणारं कुणी ओळखीत असेल तर त्यांना जरूर ऐकवा.

२००१च्या 'रिव्हील'मधून 'इमिटेशन ऑफ लाइफ' घ्या. २००४चा 'अराउंड द सन' टाळलात तरी चालेल. वाजवणारेच कंटाळले होते, असं बकनेच पुढे मोकळेपणाने सांगितलंय. पण तो टाळताना पुढची गोष्ट चुकवू नका. २००७मध्ये डब्लिनच्या ऑलिंपिया नाट्यगृहात पाच रात्री त्यांनी अर्धीकच्ची नवी गाणी लोकांसमोर वाजवून पाहिली. सत्तावीस वर्षांची कारकीर्द पाठीशी असलेल्यांनी असं उघड्यावर सराव करणं मला फार मोठं वाटतं. त्यातून २००८चा 'ॲक्सिलरेट' आला, अवघ्या ३४ मिनिटांचा. सकाळी घाईत ऐका.

शेवटचा 'कोलॅप्स इनटू नाऊ', २०११. त्यातल्या शेवटच्या 'ब्लू'मध्ये पॅटी स्मिथ परत येते, आणि गाणं संपता संपता अल्बमच्या पहिल्या गाण्याची, 'डिस्कव्हरर'ची चाल पुन्हा उसळते. ते झाल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी थांबत असल्याचं जाहीर केलं.

२०२४च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला गीतकारांच्या सन्मान सोहळ्यात चौघे एकत्र उभे राहिले आणि 'लूझिंग माय रिलिजन' वाजवलं. सकाळी सकाळी भाच्याचा निरोप आला, व्हिडिओसकट: "मावशी, चौघे!"

पावसासाठी राखून ठेवलेला

राहिला 'फेबल्स'. १९८५च्या सुरुवातीला ते लंडनला जाऊन जो बॉइड या निर्मात्याबरोबर तो करत होते. थंडी, पाऊस, घरची आठवण. परक्या गावात बसून त्यांनी आपल्या दक्षिणेतल्या म्हाताऱ्यांची, विक्षिप्त माणसांची, आगगाड्यांची गाणी केली. म्हणून तो उन्हाळ्यात ऐकू नका. जून लागू द्या, दारं मिटलेली असू द्या.

आम्ही तो परवाच्या पावसाळ्यात ऐकला, भाचा कॉलेजातून आला होता तेव्हा. 'ड्रायव्हर ८' त्यातलं रेल्वेचं गाणं, सदर्न क्रेसेंट या गाडीचं नाव असलेलं. बकची गिटार रुळावरच्या चाकांसारखी एका लयीत धावते. गाडी चालवणाऱ्याला कुणीतरी म्हणतंय, थोडं थांब, फार वेळ झाला तुला ड्यूटीवर, आणि मुक्काम तर अजून लांबच आहे. आमच्या घरात ते इअरफोनवर ऐकायला नको. स्पीकर लावावा, खिडकी उघडी ठेवावी, मिरज जंक्शनच्या मालगाड्या आपोआप मिसळतात.

माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. मीटरगेज, ब्रॉडगेज दोन्ही केलेले. आता एकोणऐंशीचे आहेत. खाटेवर पडून ऐकत होते. गाणं संपल्यावर भाच्याने त्यांना मराठीत समजावून सांगितलं, कोण कुणाला काय म्हणतोय ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून बसले, चष्मा लावला आणि विचारलं, "किती तासांची ड्यूटी झाली होती त्याची?"